आपली फुटबॉल टीम पुढे चाललीय की मागे? वाचकांचे प्रश्न, एका साध्या फॅनची उत्तरं

नोव्हेंबर २०२५ मध्ये आपण ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ हरलो, त्यावर मागच्या अंकात मी चार चिडक्या ओळी खरडल्या होत्या, आणि एरवी ज्या सदरात आयपीएल सोडून कोणी काही विचारत नाही तिथे यावेळी फुटबॉलचेच प्रश्न आले, काही तर शिव्यांसकट. त्यातले निवडक इथे घेतोय. आधीच सांगतो, मी कोच नाही, एक्स्पर्ट नाही. शनिवारी रात्री प्रीमियर लीग लावणारा आणि मध्येच कधीतरी इंडियाची मॅच बघणारा माणूस आहे, घरातून "अजून ०-०च का?" असं कोणी विचारलं की टीव्हीचा आवाज कमी करणारा. त्यामुळे उत्तरंही त्याच लेव्हलची मिळतील. दोघांनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून मग कोणाचंच छापत नाहीये.

प्रश्न (ठाणे): मी फक्त मोठी मॅच असली की बघतो. २०२३ मध्ये आपण तीन-तीन कप जिंकलो, रँकिंग शंभरच्या आत आलं, सगळीकडे कौतुक चाललेलं. आणि नोव्हेंबर २०२५ ला एकदम १४२? दोन वर्षांत असं काय बिघडलं?

बिघडलं असं म्हणण्यापेक्षा २०२३ मध्ये आपण जरा जास्तच हुरळून गेलो होतो असं माझं मत आहे. ते तीन कप आठवा. इंफाळची तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल कप, बंगळुरूला दक्षिण आशियाची सॅफ चॅम्पियनशिप. तिन्ही घरच्या मैदानावर, घरचं पब्लिक, घरची हवा. म्हणजे ते जिंकणं खोटं होतं असं नाही हां, इंटरकॉन्टिनेंटलच्या फायनलमध्ये लेबनॉनला २-० हरवलं, सॅफच्या फायनलला कुवेतने आधी गोल केला, मग आपल्या छांगटेने बरोबरी केली आणि पेनल्टीत ५-४ ने काढली, ती मॅच बघताना मी पण सोफ्यावर उभा राहिलो होतो. जुलैमध्ये रँकिंग ९९ झालं. पण माझ्या हिशोबाने त्या वर्षातला सगळ्यात भारी निकाल या तिन्हीतला नाहीच, तो नोव्हेंबरमधला, कुवेतमध्ये जाऊन वर्ल्डकप क्वालिफायरला १-० जिंकलो तो, मनवीरचा गोल. त्याला कप नव्हता म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरला नाही.

मग जानेवारी २०२४ ला कतारमध्ये एशियन कप आला. ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. तीन मॅच, एकही गोल नाही. रँकिंग एका झटक्यात ११७. आणि त्यानंतर जे सुरू झालं ते थांबलंच नाही, २०२४ च्या अख्ख्या वर्षात ११ मॅच खेळलो आणि एकही जिंकलो नाही. एकही. गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ हरलो, सुनील छेत्रीची १५० वी मॅच होती ती, गोल पण त्यानेच मारला, पेनल्टीवर. कोच स्टिमॅच गेले, त्यांच्या जागी मनोलो मार्केझ आले, ते एकाच वेळी एफसी गोवा पण सांभाळत होते आणि इंडिया पण (हे कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे), आठ मॅचमध्ये एक विजय मिळाला, तो मालदीववर, आणि ते पण गेले.

आता २०२७ च्या एशियन कपच्या क्वालिफायरचा हिशोब बघा, नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या पाच मॅच: बांगलादेश ०-०, हाँगकाँग ०-१, सिंगापूर १-१, सिंगापूर १-२, बांगलादेश ०-१. पाच मॅचमध्ये दोन गोल. यात जर्मनी नाही, जपान नाही, इराण पण नाही. दोन मॅच बाकी असतानाच आपण बाहेर. म्हणून मी रँकिंग बघणं सोडलंय, मी आता एकच गोष्ट बघतो, घराबाहेर गेल्यावर आपण गोल करतो का. त्यावरून विचाराल तर सीनियर पुरुष टीम पुढे गेलेली नाही, आणि आजूबाजूचे गेले. उझबेकिस्तान आणि जॉर्डन २०२६ च्या वर्ल्डकपला पहिल्यांदा पात्र ठरले, आणि आपण सिंगापूरकडून हरलो म्हणून घरी.

प्रश्न (पुणे, कॉलेज विद्यार्थी): रँकिंग काढतात कसं? मालदीवला ३-० मारलं तरी काहीच फरक पडला नाही असं वाटलं.

२०१८ पासून फिफाची पद्धत बुद्धिबळाच्या रेटिंगसारखी आहे रे. मॅचआधी दोन्ही टीमच्या पॉइंट्सवरून कोण जिंकायला हवं ते ठरतं, तसंच झालं तर थोडेच मिळतात, उलटं झालं तर जास्त जातात. शिवाय मॅचचं वजन असतं, फिफाने ठरवून दिलेल्या तारखांमधली (विंडोमधली) फ्रेंडली असली तर १०, क्वालिफायर २५, एशियन कपचे ग्रुप सामने ३५. मालदीवची फ्रेंडली होती, वर ते आपल्याहून बरेच खाली, मग काय मिळणार? तीन मारा नाहीतर सात, सारखंच. उलट ढाक्यात १८० च्या पलीकडच्या टीमकडून क्वालिफायरमध्ये हरलो तेव्हा सणसणीत बसली. आणि घरातलं कोणी मोठं माणूस "१९९६ ला आपण ९४ वर होतो" म्हणत असेल तर ते खरंय, पण ती पद्धत वेगळी होती, तेव्हाचा ९४ आणि आत्ताचा ९९ शेजारी ठेवून काही कळत नाही.

प्रश्न (नागपूर): कतारविरुद्ध तो चेंडू बाहेर गेलेला असताना गोल दिला, तिथेच आपलं सगळं गेलं. आपल्याला लुटलं हे तुम्ही का लिहीत नाही?

लिहितो की. ११ जून २०२४, दोहा. पहिल्या हाफमध्ये छांगटेने गोल केलेला, आपण १-० पुढे, जिंकलो असतो तर पहिल्यांदाच वर्ल्डकप क्वालिफायरच्या तिसऱ्या राउंडला. ७३ वं मिनिट. फ्रीकिकवरून हेडर आला, आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवला, तो खाली पडलेला आणि बॉल त्याच्या बाजूने सरळ गोललाइनच्या बाहेर. आपले डिफेंडर थांबले, कारण कोणीही थांबेल. कतारच्या खेळाडूने बाहेर गेलेला बॉल पायाने आत ओढला, आयमेनने गोलमध्ये ढकलला आणि रेफ्रीने गोल दिला. त्या राउंडला व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतं. रिप्लेमध्ये लाइन आणि बॉल यांच्यात हिरवं गवत दिसत होतं, माझ्या आईला पण दिसलं, जिला ऑफसाइड म्हणजे काय ते अजून माहीत नाही. मग ८५ व्या मिनिटाला दुसरा खाल्ला आणि १-२.

तर लुटलं, हो. पण दादा, आपण त्या मॅचपर्यंत त्या अवस्थेत आलो कसे ते पण बघा ना. अफगाणिस्तानशी दोन मॅचमध्ये एक पॉइंट. कोलकात्यात कुवेतशी ०-०, छेत्रीचा निरोपाचा सामना, सॉल्ट लेक भरलेलं आणि गोल नाही. यातली एक जरी जिंकलो असतो तर दोह्याला कॅल्क्युलेटर न घेता गेलो असतो. मला त्या रेफ्रीचा राग येतोच, पण गुवाहाटीचा जास्त येतो.

प्रश्न (गिरगाव, मुंबई): १४० कोटींच्या देशात एक स्ट्रायकर मिळत नाही?

हा प्रश्न सहा जणांनी विचारलाय, सगळ्यांनी १४० कोटी लिहिलंय. लोकसंख्येने गोल होत नाहीत हो. क्युरासाओ नावाचं बेट आहे कॅरिबियनमध्ये, दीड लाखाच्या आसपास लोक, म्हणजे आपल्याकडे एखाद्या मध्यम तालुक्याएवढे, ते २०२६ च्या वर्ल्डकपला पात्र ठरले.

स्ट्रायकरचं दुखणं मात्र खरंय आणि ते लीगमध्ये उघड दिसतं. आयएसएल (इंडियन सुपर लीग) २०१४ ला सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी चालायचे, मग पाच झाले, २०२१ पासून चार. आता क्लबच्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवा, चार परदेशी घ्यायचेत, पैसे मोजायचेत, कुठे लावाल? गोल करणाऱ्याच्या जागेवरच लावाल, एक मिडफिल्डला, एक मागे. मग इंडियन पोराला काय उरतं, विंगवर पळायचं नाहीतर ७५ व्या मिनिटाला बदली म्हणून यायचं. म्हणून आपल्याकडे विंगर भरपूर झाले, छांगटे काय, महेश काय, आणि बॉक्समध्ये उभा राहून पाठीवर डिफेंडर झेलणारा कोणी नाही. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये भारतीयांत सगळ्यात जास्त गोल कोणाचे? छेत्रीचे, १४. वय ४०. इंटरनॅशनलमधून जून २०२४ ला रिटायर झालेला माणूस, त्याला मार्च २०२५ ला परत बोलवावं लागलं आणि आल्या आल्या त्याने मालदीवला गोल मारला, ९५ वा. यात छेत्रीचं कौतुक आहे तेवढीच बाकीच्यांची लाज आहे.

अजून एक बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ हरवलं, मस्त निकाल, पण दोन्ही गोल कोणाचे? अन्वर अली आणि संदेश झिंगन. दोघंही सेंटर बॅक, म्हणजे मागे बचाव करणारे!

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे डिसेंबर २०२५ उजाडला तरी २०२५-२६ च्या सीझनची लीग सुरूच झाली नव्हती. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा १५ वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपला, नव्या टेंडरला एकही बोली आली नाही, क्लबांनी सराव थांबवले, आणि ही पोरं ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी खेळली ती लीगची एकही मॅच पायात नसताना. परदेशी स्ट्रायकरमुळे जागा नव्हती हे दुखणं होतंच, तेव्हा तर मैदानच नव्हतं.

प्रश्न (मडगाव): फातोर्ड्याला सिंगापूरची मॅच बघायला गेलो होतो. छांगटेचा गोल झाला तेव्हा वाटलं झालं काम. पण गोव्याच्या स्टेडियमवर खेळताना टीममध्ये गोव्याची पोरं इतकी कमी, हे जास्त लागलं. असं का झालं?

तुमचा हेवा वाटला, १४ व्या मिनिटाला बॉक्सच्या बाहेरून मारलेला तो शॉट स्टेडियममधून कसा दिसला असेल. मग हाफटाइमच्या तोंडावर साँग उई-यंगने बरोबरी केली, ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा घातला आणि त्यानंतर अर्धा तास आपण बॉल इकडून तिकडे देत राहिलो. टीव्हीवर बघताना पण कळत होतं की आता काही होत नाही.

गोव्याचं म्हणाल तर कोणाला सांगताय! १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं त्यात हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझा मूळचा आसगावचा, खेळला मुंबईला टाटांकडून. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक मारणारा पहिला आशियाई. त्या वर्षी आपण चौथे आलो. नंतर गोलपोस्टमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर, पुढे ब्रुनो कुतिन्हो. धेंपो, साळगावकर, चर्चिल, स्पोर्टिंग, वास्को, एवढ्याशा राज्यात एवढे क्लब देशाच्या लीगला पुरे पडायचे. २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघंही आय-लीगमधून (आयएसएलच्या आधीची देशाची मुख्य लीग) बाहेर पडले, कारण नव्या आराखड्यात त्यांना वरची जागाच नव्हती, जिंकून वर जायची सोय नाही तर पैसे घालून खेळायचं कशाला. एका राज्याचे तीन क्लब वरच्या पातळीवरून गेले की किती पोरांच्या नोकऱ्या, किती पोरांची स्वप्नं गेली ते तुम्ही माझ्याहून चांगलं सांगाल. एफसी गोवा आहे, चांगली टीम आहे, डिसेंबर २०२५ मध्ये फातोर्ड्यालाच ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवून सुपर कप घेतला, पण एक क्लब किती पोरं खेळवणार?

तुमच्यासाठी एक बरी बातमी, ३० नोव्हेंबर २०२५ ला अहमदाबादला आपल्या अंडर-१७ मुलांनी इराणला २-१ हरवलं आणि एशियन कपला गेले, आधी एक गोल खाऊन. त्यांचा कोच बिबियानो फर्नांडिस, गोव्याचा.

प्रश्न (कोल्हापूर): शाहू स्टेडियमवर पाटाकडील-शिवाजी मॅच असली की पाय ठेवायला जागा नसते, पेठेपेठेत वाद होतात, पोरं जीव तोडून खेळतात. मग इंडिया टीमला आमची पोरं का दिसत नाहीत राव?

राव, तुमच्याकडच्या गर्दीचा अर्धा भाग जरी मुंबईत इंडियाच्या मॅचला आला असता तर छेत्रीला व्हिडिओ करायची वेळ आली नसती (त्याचं खाली सांगतो). दिसत नाहीत असं अगदी नाही, अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला इंडियाकडून खेळला, तो कोल्हापूरचाच.

पण तुमच्या मुद्द्यात दम आहे. मला जे दिसतं ते सांगतो, पटलं नाही तर पुढच्या पत्रात हाणा. कोल्हापूरचं फुटबॉल हे तालमीचं फुटबॉल आहे, पेठेची इज्जत आहे, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, ही नावं म्हणजे घराणी आहेत. त्यात पोरगा १९-२० चा झाला की हिरो होतो, स्टेडियम त्याच्या नावाने ओरडतं. पण इंडिया टीमचं सिलेक्शन ठरतं ते १३-१४ व्या वर्षी, जेव्हा पोराला वर्षाला ३०-४० मॅच मिळायला पाहिजेत, त्याच्या वयाच्या पोरांशी, चांगल्या ग्राउंडवर, आणि ते बघायला कोणी गर्दी करत नाही. मिझोरामचं उदाहरण घ्या, लोकसंख्या कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्मी पण नाही, छांगटे तिथला, आयझॉल एफसी २०१७ ला आय-लीग चॅम्पियन झाला. तिथे मोहल्ल्यातली पोरं लहानपणापासून लीग खेळतात. तुमच्याकडे पब्लिक आहे, इतिहास आहे, पैसा पण आहे (वर्ल्डकपला मेस्सी-नेमारच्या कटआउटवर किती जातो ते विचारू नका). पेठांची ईर्षा अंडर-१३ पर्यंत खाली उतरली तर बघा काय होतं, "आमच्या तालमीची बारकी पोरं तुमच्या बारक्यांपेक्षा भारी" यावर वाद सुरू झाले पाहिजेत.

प्रश्न (मुंबई): अनवाणी खेळायचं होतं म्हणून १९५० चा वर्ल्डकप सोडला, हे खरं का?

नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपले बरेच जण अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ हरले, दोन पेनल्टी घालवून, त्यावरून ही गोष्ट रंगली. ब्राझीलला न जायचं कारण कंटाळवाणं आहे, लांबचा प्रवास, सरावाला वेळ नाही आणि फेडरेशनला तेव्हा वर्ल्डकपपेक्षा ऑलिंपिक मोठं वाटायचं. पुढे १९५१ आणि १९६२ ला एशियन गेम्सचं सोनं जिंकलं, जकार्ताला फायनलमध्ये साउथ कोरियाला २-१ हरवून. कोच सय्यद अब्दुल रहीम पुढच्याच वर्षी कॅन्सरने गेले, आणि तिथून जे उतरलो ते आजतागायत.

प्रश्न (डोंबिवली): परदेशात इतके भारतीय वंशाचे खेळाडू आहेत, त्यांना घ्यायला काय होतं? सगळे देश घेतात.

होतं काय की आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्डवर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) इंडियाकडून खेळता येत नाही, भारतीय पासपोर्टच लागतो, म्हणजे त्या पोराने इंग्लंडचा किंवा ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडायचा. कोण सोडणार? दोन जण आठवतात. एक अराता इझुमी, आई जपानी, वडील गुजराती, पुणे एफसीकडून खेळायचा, बालेवाडीला ज्यांनी बघितलाय त्यांना आठवत असेल. दुसरा आत्ताचा रायन विल्यम्स, पर्थचा, आईकडून मुंबईशी नातं, ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय झाला आणि कागद वेळेत आले नाहीत म्हणून ढाक्यात बाहेर बसला. माझं मत विचाराल तर येतील त्यांना घ्या, पण त्याने एका जागेचा प्रश्न सुटतो. दहा जागांचा नाही.

प्रश्न (वसई): खालिद जमील काही करतील का? का परत परदेशी कोच?

करायला वेळ द्या आधी. १३ वर्षांनी पूर्णवेळ भारतीय कोच झालाय, सावियो मदैरांनंतर पहिल्यांदा. आणि आपला माणूस आहे, महिंद्रा युनायटेडकडून खेळलेला, मुंबई एफसी वर्षानुवर्षं तुटपुंज्या बजेटमध्ये वरच्या लीगमध्ये टिकवलेला, आणि वर म्हटलं त्या आयझॉलला चॅम्पियन केलं ते यांनीच. सुरुवात पण छान झाली, ताजिकिस्तानमधल्या त्या ऑगस्टच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आलो, ओमानला आपण कधी हरवलंच नव्हतं. मग सिंगापूर आणि ढाका. त्यांचं फुटबॉल बघायला सुंदर नाही, मागे बसायचं, लांब बॉल, लांब थ्रो, माझ्या मित्राला बघवत नाही. मला चालतं. जे लोक सुंदर खेळायला लावणार होते त्यांनी कुठे नेलं ते बघितलंच ना.

प्रश्न (नाशिक): माझी मुलगी अंडर-१५ खेळते. तुमच्या सदरात फक्त पुरुषांच्या टीमचं रडगाणं असतं. मुलींचं काय?

ताई, अगदी बरोबर बोललात, आणि खरं सांगायचं तर "प्रगती" हा शब्द सध्या वापरायचा असेल तर तो मुलींसाठीच वापरावा. जुलै २०२५ मध्ये थायलंडला, चियांग माईत, त्यांच्याच पब्लिकसमोर २-१ हरवून आपली टीम एशियन कपला पोचली. थायलंड २०१५ आणि २०१९ चा वर्ल्डकप खेळलेली टीम आहे! दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ग्रुपमधल्या चारही मॅच जिंकल्या, मंगोलियाला १३-० होतं. क्वालिफायर खेळून पहिल्यांदाच पोचल्या, आणि माझं घराबाहेर गोल मोजायचं माप इथे लावलं तर त्या पैकीच्या पैकी पास. ऑगस्टमध्ये अंडर-२० च्या मुली २० वर्षांनी एशियन कपला गेल्या, ऑक्टोबरमध्ये अंडर-१७ च्या पण.

आणि हे अशा टीमने, जिचा २०२२ चा एशियन कप आपल्याच नवी मुंबईत कोविडमुळे बुडाला होता. इराणशी ०-० झालं आणि चायनीज तैपेईच्या (म्हणजे तैवानच्या) मॅचला टीममध्ये १३ जणी उभ्या करता येईनात, स्पर्धेतूनच बाहेर. डी. वाय. पाटीलला, घरच्या स्पर्धेत. त्यातून इथवर येणं मोठं आहे.

मुलीसाठी सांगायचं तर तिला मॅच मिळतात का ते बघा. प्रॅक्टिस रोज असते, सगळे क्लासवाले प्रॅक्टिस घेतात, फी पण घेतात. वर्षाला मॅच किती हे विचारा आणि उत्तर गोलगोल आलं तर दुसरीकडे घाला.

प्रश्न (अंधेरी): मेस्सीला बघायला वानखेडेवर हजारो रुपये मोजणारे लोक इंडियाच्या मॅचला का येत नाहीत?

कारण मेस्सी मेस्सी आहे. मी पण वेळ मिळाला असता तर गेलो असतो, खोटं कशाला बोला. पण तुम्ही अंधेरीचे म्हणून आठवण करून देतो, जून २०१८, तुमच्याच अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये इंडियाने तैपेईला ५-० मारलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि स्टेडियममध्ये अधिकृत प्रेक्षक २,५६९. मग छेत्रीने हात जोडून व्हिडिओ टाकला, शिव्या द्यायच्या तर द्या पण स्टेडियमवर येऊन द्या अशा अर्थाचा, आणि पुढची केनियाची मॅच, भर पावसात, हाउसफुल. म्हणजे लोक येतात, पण बोलवावं लागतं, आणि मुंबईला मॅच द्यावी लागते. वानखेडेवर त्या दिवशी छेत्री पण होता, मेस्सीने त्याला जर्सी दिली. टाळ्या खूप पडल्या. त्यातल्या किती जणांनी त्याला इंडियाकडून प्रत्यक्ष खेळताना बघितलंय कोण जाणे.

प्रश्न (पर्थ, ऑस्ट्रेलिया): इथे मार्च २०२६ मध्ये महिला एशियन कप आहे. आमच्या मराठी मंडळातले काही जण जाऊ म्हणतायत. कुठली मॅच बघावी?

४ मार्चची, व्हिएतनामशी. ७ तारखेला जपान आहे, ती पण पर्थलाच, पण जपान जगज्जेते होऊन गेलेत, तिथे किती खातो तेच बघावं लागेल. व्हिएतनाम २०२३ चा वर्ल्डकप खेळलेत, सोपे नाहीत, तरी ग्रुपमध्ये पॉइंट काढायचे असतील तर तिथे आणि मग १० ला सिडनीत तैपेईशी. तिसऱ्या नंबरवरच्या तीनपैकी दोन टीम पण क्वार्टरफायनलला जातात, आणि क्वार्टरफायनल गाठली की २०२७ च्या ब्राझील वर्ल्डकपचं दार उघडं राहतं, म्हणजे एक विजय खूप लांब नेऊ शकतो. सिडनीत नातेवाईक असतील तर त्यांना १० तारखेला पाठवा. आणि ढोल-ताशा न्यायचा विचार असेल तर स्टेडियमच्या नियमांत बसतो का ते आधी विचारून घ्या, गेटवर काढून ठेवायला लावला तर मॅचभर जीव तिकडेच राहील.